आप्पांचा निरोप

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी एका लहान टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. नंदगडपलीकडची तार जंगलातून यायची. तिकडच्या माणसाला आणि निपाणीच्या माणसाला एकमेकांचं काही ऐकू जायचं नाही. मधे बसलेल्या मला मात्र दोघांचंही यायचं. मग एकाचं वाक्य मी ओरडून दुसऱ्याला सांगायची. आम्ही सांगकामे. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही.

शालन नावाची मुलगी जातीबाहेर लग्न करून निपाणीला गेली होती. दोन वर्षांनी तिने तंबाखूच्या वखारीतून वडिलांना फोन लावला. तिचे आप्पा नंदगडपलीकडच्या त्यांच्या गावच्या पोस्टात येऊन उभे राहिले. माझ्या तान्ह्या लेकीला घेऊन घरी येऊ का, तिने विचारलं, मी पोचवलं. मग आप्पा म्हणाले, "ये म्हणावं तिला, बाई. माझा राग न्हाय आता."

मी स्पष्ट ऐकलं. आणि शालनला सांगितलं — आप्पा काही बोलत नाहीत.

का? मत्सर? माझ्याही मनात एक जण होता. वडिलांनी डोळे वटारले आणि मी त्यांनी ठरवलेल्या घरी मुकाट्याने नांदायला गेले. हिने मनाला येईल ते केलं, आणि हिलाच 'ये'? — असं आज जुळवून सांगते खरं. पण तेव्हा हे डोक्यात होतं का? आठवत नाही. बोलून गेले. लगेच सुधारता आलं असतं, तेही केलं नाही. शालनने रडत फोन ठेवला. इकडे आप्पा विचारत होते, "कवा येणार हाय?" लाइन तुटली, असं मी त्यांना सांगितलं.

पुढे कितीतरी दिवस ते पोस्टात यायचे. निपाणीचा फोन आला का, म्हणून पोस्टमास्तर मला विचारायचे. मी नाही म्हणायची — ते तर खरंच होतं ना? त्याच वर्षी आप्पा गेले.

काही वर्षांनी शालन एक्स्चेंजात आली. समोर बसली. "आक्का, आप्पा खरंच काय बोलले न्हाईत?"

आता मधे तार नव्हती, जंगल नव्हतं. मी म्हणाले, "नाही."

तिने माझा हात धरला. "तुमी माझं तरी सांगितलासा त्यास्नी. लई झालं."

मी हात सोडवून घेतला नाही.