घाटंजीच्या जिनिंगमधला पाहुणा

समोरचा कितीही घाईत असो, तो आधी त्याचा हात हातात घ्यायचा आणि विचारायचा, “घरचे बरे आहेत? पोरं? आई? बकऱ्या?” बकऱ्या नाहीत म्हटलं की त्याला खरंच वाईट वाटायचं.

बुर्किना फासोहून तो घाटंजीला आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आला, तेव्हा कापसाचा भाव इकडेही पडला होता आणि तिकडेही. मी तिथे टायपिस्ट. वय चाळीस, अक्कल विशीतली. त्याला चार शब्द मराठी यायला लागले तशी मी पहिलं हेच विचारलं, “तुमच्याकडे गावात सिंह येतात का हो?”

“नाही ताई. फ्रान्सचे साहेब येतात.”

त्याच्या गावचा कापूस फ्रेंच कंपनीच घ्यायची. मशीन तिची, भाव तिचा. मशीन बिघडली तर मिस्त्रीही फ्रान्सहून यायचा, तोवर कापूस उघड्यावर. फ्रेंचांचं राज्य जाऊन दोन पिढ्या उलटल्या, पण किल्ली तिकडेच राहिली. म्हणून गावाने वर्गणी काढून याला धाडलं होतं, सरकी काढायची छोटी मशीन घ्यायला आणि ती चालवायला शिकायला. आमच्या मिस्त्रीचाचांच्या हाताखाली तो मशीन शिकला, वऱ्हाडीही त्यांचीच उचलली.

एक दिवस त्या फ्रेंच कंपनीचा साहेब, याच्या मशीनची खबर लागून, जिनिंगच्या दारात गाडीतून उतरला आणि उभ्याउभ्याच त्याच्याशी फ्रेंचमध्ये सुरू झाला. मला अक्षर कळत नव्हतं, तरी मी माना डोलवत होते. गोरा माणूस बोलला की माझी मान आपोआप हलायची, काय सांगू!

तो मात्र माझ्याकडे वळला. “ताई, साहेबाले विचारा, आई कशी आहे?”

“काहून? तुले तं येते न त्याची भाषा?” चाचा म्हणाले.

“येते. पण आज तो माह्या कामावर आला. इथं इथलीच भाषा.”

मी माझ्या टायपिंगच्या इंग्रजीत साहेबाला आई विचारली. मग पोरं. मग बकऱ्या. साहेब लालबुंद झाला, पण खुर्चीवर टेकला. मग मला इंग्रजीत म्हणाला, याने ही मशीन नेली तर याच्या गावचा कापूस आम्ही घेणार नाही.

मी हे मराठीत सांगितलं.

“नको घेऊ म्हणा. आम्ही सूत काढू, कापड विणू, आम्हीच घालू,” तो म्हणाला. “आन् चहा पिऊन जा म्हणा. माही बहीण त्याच्याच शहरात नर्स आहे. भेटली तं सांगजो म्हणा, भाऊ बरा आहे.”

साहेबाने चहा घेतला. बहिणीचं नावही विचारून घेतलं.

मशीन पाठवायच्या दिवशी चाचांनी ती रंगवून, जोडून, चालवून दाखवली. हा पाना घेऊन बसला आणि ती खोलायला लागला.

“कायले खोलून राह्यला बे? चांगली चालू आहे न.”

“जोडून नेली तं गावचे लोक मलेच साहेब समजतील, चाचा. त्यायलेच जोडू द्या.”

रूळ, सुऱ्या, पट्टे सगळं वेगवेगळ्या गोणपाटात गेलं. त्याला घेऊन ट्रक यवतमाळच्या रस्त्याला लागला. चाचा कितीतरी वेळ मशीनच्या रिकाम्या चौथऱ्यावरचं तेल पुसत राहिले, आणि ते पुसलं जात नव्हतं.