दोन घरचं लोणी आणि एक पित्ताशय

आमचं लक्ष्मीपुरीत लोण्या-तुपाचं दुकान आहे आणि मला लोणी पचत नाही. ही दोन वाक्यं एका दमात म्हणायची वेळ माझ्यावर एकदा आली होती, तशी शत्रूवरही येऊ नये.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. दुकान आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आसपासच्या खेड्यांतल्या बायका पळसाच्या पानांनी झाकलेली लोण्याची भांडी घेऊन यायच्या. आम्ही ते विकत घ्यायचो. काही तसंच विकायचो, काही कढवून तूप करायचो. माल घेताना चव बघायचं काम माझ्याकडे होतं. लोण्याची चव बोटावर बघायची असते. पण नुसत्या बोटावर आंबटपणाचा नीट अंदाज येत नाही असं माझं (व्यावसायिक!) मत पडलं, म्हणून मी भाकरीचा तुकडा जवळ ठेवू लागलो. तुकडा कोरडा लागतो म्हणून शेंगदाण्याची चटणी आली. पुढं अव्वा, म्हणजे माझी आई, घरून थेट ताटच पाठवायला लागली. अशा रीतीनं सगळ्या भांड्यांची चव घेऊन झाली की मी घरी नाष्ट्याला जायचो.

एके दिवशी गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मी एका नेहमीच्या काकूंच्या हातावर नमुना ठेवला आणि म्हणालो, "बघा काकू, बारक्या पोरालाबी पचतंय असलं लोणी!" आणि त्याच क्षणी माझ्या उजव्या बरगडीखाली अशी काही कळ आली की मी काउंटरमागं खालीच बसलो. वरून काकूंचा आवाज आला, "पोराला पचतंय, आन् तुम्हाला वो?" हातावरचं लोणी त्यांनी पुन्हा पातेल्याच्या काठाला पुसलं आणि त्या निघून गेल्या.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. "पित्ताशयाचं दुखणं वाटतंय. तेल, तूप, लोणी आजपासून बंद. सोनोग्राफी करून घेऊ. पित्ताशय कामातून गेलं असलं तर काढून टाकावं लागेल, आणि लोण्याचं नाव पुढंही सोडावं लागेल."

मी घाबरलो. मला तोवर पित्ताशय म्हणून काही असतं आणि ते आपल्याकडेही आहे हेच ठाऊक नव्हतं. आप्पाही घाबरले, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

"डॉक्टर, ह्ये भाईर कुणाला सांगाय लागत न्हाय न्हवं?"

सांगायची गरजच नव्हती. काकूंनी ते काम केलं होतं. समोरच्या बाजूलाही एक तुपाचं दुकान होतं. त्याचा मालक रोज सकाळी दारात उभा राहून माझ्या तब्येतीची चौकशी करू लागला, तीही रस्त्यापलीकडून. "काय बसवराज! बरं हाय न्हवं? घरचं लोणी खाल्लं न्हाईस न्हवं काल?" दसरा तोंडावर आलेला. तुपाची खरी विक्री तेव्हाच. आणि आमची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडू लागली. आप्पांचं जेवण कमी झालं. माझं तर उकडलेल्या दुधी भोपळ्यावर आलंच होतं. एका रात्री आप्पा मला म्हणाले, "बसू, तुजं पित्ताशय गेलं तर माणूस जगतंय म्हनत्यात. दुकान न्हाय रं जगत." त्यांचा आवाज असा होता की मला स्वतःच्याच पोटाचा राग आला.

मग कळलं की ही तपासणी दोन टप्प्यांत असते. उपाशीपोटी एक फोटो काढायचा. मग ब्रेडचे दोन तुकडे लोणी लावून खायचे आणि पाऊण तासानं दुसरा फोटो काढायचा. लोणी खाल्ल्यावर पित्ताशय आकसलं तर ते चांगलं. नाही आकसलं तर सर्जनकडे जायचं.

आप्पा एकदम ताठ बसले. "लोणी खाऊन? मग ही तुजी परीक्षा न्हवं, आपल्या मालाची हाय!"

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दुकानातली सगळी भांडी हुंगून त्यातलं एक निवडलं. ब्रेडचा विषय अव्वानं निकालात काढला. "पाव खाऊन कुटं तपासनी हुतीया व्हय? थालीपिठं देते." माझी बायको शैला तेवढी शुद्धीवर होती. "दोनच तुकडे सांगितलेत," ती म्हणाली. कुणीही ऐकलं नाही. (तिनंही एक चूक केलीच. तिनं माहेरी फोन करून हे सगळं सांगितलं.)

राजारामपुरीतल्या सोनोग्राफीच्या दवाखान्यात मी, आप्पा आणि शैला पोचलो तर बाकांवर सगळ्या गरोदर बायका. मधोमध मी, माझं पोट घेऊन. समोर सुनेला घेऊन आलेली एक आजी माझ्याकडं बराच वेळ बघत होती.

"पावणं, मालकीण आत हाय व्हय?"

"न्हाय आजी. माझीच हाय सोनोग्राफी."

आजीनं माझ्या पोटाकडं बघितलं, सुनेच्या पोटाकडं बघितलं आणि सुनेला जरा पलीकडं सरकायला सांगितलं.

पहिला फोटो सुरळीत झाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या, बोलायला अगदी नेमक्या. पोटावर गार चिकट काहीतरी लावून त्यांनी पडद्यावर एक काळी पिशवी दाखवली. "हे पित्ताशय. यात पित्त साठतं. तुम्ही स्निग्ध काही खाल्लं की ही पिशवी आकसते, पित्त आतड्यात उतरतं आणि चरबीचे बारीक बारीक थेंब होतात. साबणानं तेलकट भांडं सुटतं ना, तसंच. त्याशिवाय चरबी पचत नाही. आता बाहेर जाऊन दोन तुकडे खाऊन या. दोनच."

बाहेर अंगणातल्या बाकावर शैलानं डबा उघडला. कित्येक दिवसांनी मला लोणी दिसलं. पांढरंशुभ्र, वर पाण्याचे थेंब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी कबूल करतो. मी पहिला घास तोंडाशी नेणार, इतक्यात फाटकातून हाक आली.

"जावईबापू, थांबा! थांबा की जरा!"

माझे सासरे. निपाणीकडच्या गावाहून पहाटेची एसटी पकडून आलेले, छातीशी स्टीलचा डबा धरून. "आमच्या म्हशीचं बेण्णी. पहाटं घुसळलंय." (बेण्णी म्हणजे लोणीच. त्यांच्याकडे बोलण्यात निम्मं कानडी असतं.)

आप्पांच्या कपाळावर आठी आली. "पावणं, तपासनी आमच्या दुकानातल्या लोण्यावर ठरलीया."

"ठरली आसंल की. पर पोरगी आमची दिलीया. जावयाचं पित्ताशय आमचंबी हाय!"

"आवो, उद्या तुमच्या बेण्णीनं आकसलं तर मी गिऱ्हाइकास्नी काय सांगू?"

"आन् तुमच्या लोण्यानं न्हाय आकसलं तर? पोरगं जाईल की आपरेशनला!"

दोघंही माझ्याकडं बघू लागले. जावई आणि मुलगा या दोन्ही नात्यांनी मला एकाच वेळी इतकी किंमत आजवर कधी आली नव्हती. मी तोडगा काढला. एक थालीपीठ आप्पांच्या लोण्याशी आणि एक मामांच्या. मी सासऱ्यांना मामाच म्हणतो. शैला म्हणाली, "झाले दोन. बास!"

पण आप्पांनी विचारलं, "कुटलं बरं हाय?"

आता या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे एका घराशी कायमचं वैर. मी म्हणालो, "एकदम असं सांगता येत न्हाय. पुन्हा बघाय पायजे." चव बघणं हा माझा धंदाच. पुन्हा बघितलं. मामांचं जरा गोडसर वाटलं, तर आप्पांचं तोंड पडलं, म्हणून आप्पांचं परत घेतलं. आप्पांचं खाताना मामांनी सुस्कारा सोडला, म्हणून मामांचं. मी दोन घरांचा सलोखा राखत होतो! (दोन घरांचा सलोखा राखण्यासाठी थालीपिठाला इतकं जाड लोणी लावावं लागत नाही, हे मला आज कळतं. तेव्हा मला भूक लागली होती.) दारात ती आजी सुनेला म्हणाली, "डोहाळं पुरवायल्यात बग. असलं सासर पायजे!"

दोन्ही डबे चाटूनपुसून लख्ख झाले, तेव्हा सलोखा पूर्ण झाला. पाऊण तासही झाला होता. "उठा," शैला म्हणाली. मला उठता येईना. एका बाजूनं आप्पा आणि दुसऱ्या बाजूनं मामा, असे दोघांनी काखेत हात घालून मला आत नेलं. आणि मला धरलेलंच होतं, त्यामुळं तेही माझ्याबरोबर आत आले.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावर टेकवलं. पडद्यावर नुसता धुरळा.

"काय खाल्लंत?"

"तुम्ही सांगितलं तेच. लोणी."

"किती?"

यावर तीन प्रौढ माणसं छताकडं बघू लागली.

"मला पित्ताशय दिसत नाहीये."

"गेलं?" आप्पा ओरडले. "एवढ्यात गेलं?"

"गेलं नाही हो! पोट इतकं भरलंय की मागचं काही दिसत नाही. डाव्या कुशीवर वळा." मी वळायला लागलो. टेबल करकरलं. "आता मोठा श्वास घ्या." श्वास घेतला, पण तो ठेवायला आत जागा नव्हती. त्याऐवजी एक ढेकर बाहेर आली. त्या ढेकरेत दोन्ही घरांची चव होती. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात दुकानाची पाटी उतरलेली बघितली, समोरच्याचं हसणं ऐकलं. आणि हे सगळं माझ्या खादाडपणामुळं! मला खरोखर रडू येत होतं.

"थांबा. हां, दिसलं. अरे वा!" पडद्यावर काळ्या पिशवीच्या जागी काडीएवढी रेघ होती. "पूर्ण आकसलंय. इतकं जोरदार काम करणारं पित्ताशय क्वचित बघायला मिळतं. खडेसुद्धा नाहीत."

"आमचं लोणी!" आप्पा.

"आमचं बेण्णी!" मामा.

"तुम्हाला दोघांना आत कुणी सोडलं?" डॉक्टरीणबाई.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "मग दुखतं कशानं? सकाळी काय काय खाता?"

"नाष्टा."

"त्याआधी?"

"त्याआधी खात नाही. माल तपासतो."

शैलानं दारातून सविस्तर सांगितलं. भांडी, भाकरी, चटणी, ताट, सगळं. डॉक्टरीणबाईंनी यंत्र जरा वर सरकवलं. "हे तुमचं यकृत. पांढरं दिसतंय ना? ही चरबी. चालायला, काम करायला, अंग गरम ठेवायला लागते तेवढी शरीर वापरतं. उरलेली टाकून देत नाही, साठवून ठेवतं. कधी उपासमार झाली तर असावी म्हणून. तुमच्याकडे अशी वेळ कधी येते?"

"शिवरात्रीला उपास असतो की," मी म्हणालो.

"त्या दिवशी साबुदाणा तुपात असतो," शैला म्हणाली.

आप्पा मात्र वेगळ्याच विचारात होते. "म्हंजे डॉक्टरीणबाई, ह्यानं खाल्लेलं आमचं लोणी काय वाया जाईत न्हाय?"

"जरासुद्धा नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या पोटावर यंत्राची टिचकी मारली. "सगळं इथं जमा आहे. पित्ताशयाला तक्रार नाही, तक्रार तोंडाची आहे. ते चव घेणं बंद करा, दुखणंही बंद होईल."

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. माझ्या पित्ताशयासाठी की दुकानासाठी, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी खुर्ची आतून उचलून थेट दुकानाच्या तोंडाशी मांडली आणि मला तिच्यावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला, आणि विशेष करून रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचं सुरू झालं. "लोणी पचत न्हाय म्हनत हुता न्हवं? बगा! डॉक्टरनं मिशिनीत बघून सांगितलंय. खाल्लेला कण न् कण अंगाला लागलाय! उभा ऱ्हा रं बसू. वळ जरा. बाजूनं दाव." मी उभा राहत होतो, वळत होतो, बाजूनं दाखवत होतो. समोरचा मालक आत निघून गेला. आप्पांची छाती फुगली. एवढ्यात एक नवीन बाई आल्या, हातात भली मोठी बरणी. "दसऱ्याला पाहुणे यायचेत, ही भरून तूप द्या," म्हणाल्या. आप्पांना हुरूप आला. त्यांनी मला पुन्हा उभं केलं, पुन्हा वळवलं आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बाजूनं बघितलं.

"खरंच सगळं अंगाला लागतं हो?"

"लागतंय म्हंजे? समोरच हाय की!"

बाईंनी बरणी पिशवीत ठेवली.

"मग पावशेरच द्या."