नव्या हाताची सुरी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू सुरीशी बोलतात. "दाबायला लावतेस? मग तू कामाची नाहीस," असं म्हणून तिला बाजूला ठेवतात.

अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात अधू झाला, तेव्हा सून म्हणाली, "आई, चिरलेली भाजी ऑनलाइन मिळते."

"मिळू दे की," काकू म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्यांनी दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमहून पहाडगंजचा बाजार गाठला. पर्समध्ये पिकलेले टोमॅटो होते.

भांड्यांच्या दुकानात त्यांनी अधू हात टोमॅटोवर वजनासारखा ठेवला आणि डाव्या हातानं एकेक सुरी नुसती टेकवून ओढली. टोमॅटो चेपला की म्हणायच्या, "चलो, दूसरी."

डावा हात बघून दुकानदार वैतागला. "माताजी, उलटे हाथ से कोई नहीं चलेगी."

"उलटा नहीं है भैया," काकू शांतपणे म्हणाल्या. "नया है. सीख रहा है."

शेवटी एका हलक्या, पातळ पात्याच्या सुरीनं टोमॅटोची चकती अलगद पडली. तीच त्यांनी घेतली.

आज त्या काकडीची कोशिंबीर घेऊन आल्या. फोडी कुठे जाड, कुठे पातळ. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "आज चव बघ. आकार पुढच्या आठवड्यात बघ."