काट्यावरचा खोळंबा

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर एका काळ्या केबलने ऑफिसला जोडलेला होता. ऊसगाडीचं वजन काट्यावर सगळ्यांना दिसायचं, पण पावती ऑफिसच्या कॉम्प्युटरमधूनच निघायला हवी, असा वरून हुकूम. त्यामुळे केबल रुसली की गाड्या जागच्या जागी थांबत.

त्या दुपारी ती रुसली. काट्याच्या खोलीतल्या एका जुन्या मशिनवर मी हौसेने लिनक्स टाकलं होतं. त्यात तारेवरची ये-जा दाखवणारा टीसीपीडम्प नावाचा प्रोग्राम होता. मोठ्या ऐटीत तो सुरू केला. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटू लागली: ऑफिसचं मशिन कुठे आहे, काट्याला सांगा. दार वाजवत राहावं आणि आतून कुणी ओ देऊ नये, तसं. बिघाड कुठे झालाय, ते मात्र हा शहाणा सांगेना.

पुढच्याच नंबरचा गाडीवान खिडकीशी आला. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेला.

"सायेब, डाव्या बैलाचा खांदा सुजलाय, जू ठेवू देईना. सोडू का त्याला? पर सोडला आन रांग हालली, तर मागचे पुढं घुसत्यात. काटा चालू हुईल का आता?"

मी पडद्याकडे पाहिलं. तीच ओळ.

"सांगता येत नाही," म्हणालो.

तो परत गेला आणि बैलाशेजारी जुवाखाली स्वतःचा खांदा देऊन उभा राहिला. मी मॅनेजरांना फोन केला, निदान आज पावत्या हाताने लिहू द्या म्हणून. "नियम म्हणजे नियम," म्हणाले आणि फोन ठेवला. अस्सा संताप आला! त्यांचा, केबलचा, आणि सगळ्यात जास्त माझा. इतकं शिकून मी नुसता बघत बसलो होतो.

बऱ्याच वेळाने अकाउंटचे क्लार्क चहा पीत पीत आले. "हे तुमचंच का हो? ऊन येतं म्हणून टेबल सरकवलं, तर खाली सापडलं."

हातात केबलच्या टोकाला लावायचं टोपण होतं. ते निघालं की सगळी केबलच मुकी होते. मी धावत जाऊन ते बसवलं.

पावती घ्यायला तो गाडीवान आला तेव्हा त्याच्या खांद्यावर लालभडक वळ उठला होता. मी त्याच्या शिव्यांची वाट बघत मान खाली घालून उभा राहिलो.

"तुमीबी कवाचे उपाशीच दिसता, सायेब," तो म्हणाला. "जेवा आता."