आत्या, जरा बाहेर बसा

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात आमच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती: आलेल्या माणसाशी आधी नातं जुळवा. मला मनातून हसू यायचं. आमच्या भागात दुसऱ्या वाक्याला गाव निघतं नि तिसऱ्याला नातं, त्यात शिकायचं काय?

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी नवीनच लागले होते. एका गुरुवारी एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सून फार तर बावीस वर्षांची. आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हापासून ती जेवत नव्हती, झोपत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती.

मी सवयीने सासूला विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

"दिंद्रुडचं. विहाराच्या मागं घर हाय आमचं."

झालं. माझं माहेर त्याच गल्लीतलं. बाई माझ्या वडिलांच्या बरोबरीची, म्हणजे गावनात्याने आत्या. मी उठून जयभीम घातला, चहा मागवला. "पोरी, आता तूच समजाव हिला," आत्या म्हणाली.

आलेल्या माणसाशी एकांतात बोलायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. पण आत्याला 'बाहेर बसा' कसं म्हणायचं? शिकली नि माणसं विसरली, असं गल्लीभर झालं असतं. आत्या सुनेला खेटून बसली. झोप लागते का, असं मी सुनेला विचारलं की उत्तर आत्या द्यायची. सून जमिनीकडे बघत एवढंच म्हणायची, "बरं हाय." मी वहीत लिहिलं, 'कुटुंबाशी चांगला संवाद झाला.' ती ओळ आठवली की आजही माझे कान तापतात.

तिसऱ्या खेपेला आत्या गोळ्या आणायला खिडकीवर गेली. आम्ही दोघीच उरलो. सुनेनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"पयल्याच दिशी सांगणार व्हते, मॅडम. रिक्षात समदं मनात जुळवून आणलं व्हतं. पण तुमी त्यांना आत्या म्हणलात."

"आता सांग. माझ्या तोंडून कुठे जाणार नाही," मी कसंबसं म्हणाले. तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला दुखाया लागलं तवा घरात..."

तेवढ्यात आत्या गोळ्या घेऊन आत आली. तीन-चार शब्दांचंच काम होतं, जिभेवर आलेही होते. मी उठले आणि आत्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

पुढच्या गुरुवारी सून आली नाही. त्यानंतरही नाही. मी तिच्या घरी जायला हवं होतं, तेही गेले नाही.

वर्षभराने आत्या एका लग्नात भेटली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुझ्या हाताला लई गुण हाय, पोरी. आता ती कशाबद्दल काई म्हणतच न्हाई."

चार बायका कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. मी हसून मान डोलावली. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.