दहा ते पंधराचे तलाव

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भंडाऱ्याच्या सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत मलाही एका बंद खोलीत बसवलं. धूळ जाईल म्हणून कोणी आत फिरकत नसे. चपला बाहेर, चहासुद्धा बाहेर. दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नसे. इतकं एकटं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

जिल्ह्यातल्या तलावांची माहिती मशीनमध्ये भरली होती. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला गावाचा दोन अंकी क्रमांक. मला साकोलीकडची गावं हवी होती, दहा ते पंधरा. ती शोधायला मी आपलं चौकटी कंसात [10-15] असं लिहिलं, तर या मशीनबाबानं सतरा, अठरा, बावन्न, वाट्टेल ते समोर आणून टाकलं! डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. विचारायचं तरी कोणाला? नागपूरचे साहेब महिन्यातून एखाद्या वेळी येत.

शेवटी मशीनसोबत आलेलं पुस्तक चाळता चाळता एका दुपारी ट्यूब पेटली. त्या कंसाला दहा-पंधरा कळतच नाही. कंस म्हणजे फक्त एका अंकाची जागा. आत किती का असेनात, तिथं बसणार त्यातला कोणताही एक. म्हणजे मी लिहिलं होतं: एक, किंवा शून्य ते एक, किंवा पाच. म्हणून शून्यानं, एकानं अन् पाचानं सुरू होणारे सगळेच धावत आले होते. एक कंसाबाहेर काढला, 1[0-5] लिहिलं, आणि हवे तेवढेच तलाव आले. मी उठून टाळ्या वाजवल्या. ऐकायला कोणी नव्हतं.

साहेब आले तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्यांना सांगायला गेले. "यादी निघाली ना? झालं तर मग," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले. अस्सा राग आला! कोणाला तरी हे सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

रविवारी एसटीनं एकोडीला घरी गेले. आई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती. तिलाच धरलं. मातीत बोटानं कंस काढून सगळं सांगितलं.

"मंजे आत कितीही असले, तरी त्या जागेवर एकच बसते?"

"हाव, एकच!" समजलं की हिला! मला कोण आनंद झाला.

आईनं सूप खाली ठेवलं. "अन् तू वो बाई? त्या खोलीत तुह्यासंगं कोणीच नसते का?"

इतक्या महिन्यांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. "नाही वो माय," म्हटलं, आणि मला रडू आवरेना.