आईच्या सहीचं पत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीलाही नाही. जिला सांगायला हवं होतं ती आता नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बहुधा. भ्याड माणसाला असेच श्रोते बरे पडतात.

आधी माझ्या पोटापाण्याबद्दल सांगतो — म्हणजे पुढची लाज नीट कळेल. मी डब्लिनमध्ये नगररचनेचं काम करतो. माणसाला दुकान, शाळा, दवाखाना, बसस्टॉप पायी गाठता यावा, गाडीची गरजच कमी व्हावी, हे मी लोकांना पडद्यावर नकाशे दाखवून पटवतो. इथल्या वसाहतींचं मोठं दुखणं म्हणजे त्यांच्या भिंती. शेजारची वसाहत हाकेच्या अंतरावर, पण जायचं तर हमरस्त्यानं लांबच लांब वळसा. भिंतीत एक वाट फोडा, सायकल आणि बाबागाडी जाईल एवढी, आणि बघा लोक कसे चालायला लागतात — हे वाक्य मी किलकेनीच्या एका सभेत बोललो तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

कारण तशीच एक भिंत डब्लिनच्या सँट्री भागात माझ्या स्वतःच्या गल्लीच्या टोकाला आहे. अलीकडे आमची स्वतःची घरं, पलीकडे भाड्याचे फ्लॅट.

बाबा गेल्यावर मी आईला बार्शीहून इकडं आणलं. व्हिसाची बरीच खटपट केली, आणि आणल्यावर दिवसभर घरात एकटी ठेवली. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. ‘आजी इज ग्रँड, बाबा,’ म्हणजे मजेत आहे, असं ती मला सांगायची, आणि मी ते खरं धरायचो. धरायला सोपं होतं ना.

मग आईला निर्मलाकाकू भेटल्या. बसस्टॉपवर. यवतमाळच्या, गुडघ्यांनी बेजार, मुलीकडं राहायला आलेल्या. मुलगी वर्षा इथल्या हॉस्पिटलात नर्स. राहायच्या भिंतीपलीकडे. आमच्या मागच्या खोलीतून त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसायचा. पण भेटायचं तर आईला वळशानं वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागे, आणि काकूंना तेवढं चालवतच नसे. तरी आठवड्यातून दोनदा आई जायचीच. एकीची बोली बार्शीची, दुसरीची वऱ्हाडी. एकमेकींच्या शब्दांना हसत त्या दुपार काढायच्या. आई परत आली की जरा जास्त जेवायची. हे माझ्या लक्षात आलं होतं — हेही कबूल करतो.

आणि मग कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, पत्रक दारात पडलं. भिंतीत वाट काढणार, बसस्टॉपपर्यंत पायरस्ता करणार, हरकती आणि सूचना लेखी कळवा. आईला मी वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘म्हंजे मी सपाता घालूनच जाईन की तिच्याकडं.’

त्याच आठवड्यात शेजारच्या डेक्लननं मला चहाला बोलावलं. सहा वर्षांत आमची ओळख हवापाण्याच्या पुढं गेली नव्हती. त्याच्या स्वयंपाकघरात गल्लीतले सगळे जमले होते. भिंत फुटली तर टवाळ पोरं येतील, चोऱ्या होतील, घरांच्या किमती उतरतील. यातल्या प्रत्येक मुद्द्याला माझ्याकडं उत्तर होतं. तेच तर माझं काम. पण कुणीतरी ‘आपली गल्ली’ म्हणालं, आणि त्या ‘आपली’त मी पहिल्यांदाच बसलो होतो. मी मूग गिळून बिस्किटं खाल्ली. निघताना डेक्लननं खांद्यावर हात ठेवला, ‘तुझंही पत्र जाईल ना?’ मी म्हणालो, जाईल.

माझ्या नावानं कसं जाणार? हरकती नावानिशी कौन्सिलच्या वेबसाइटवर लागतात. ऑफिसात छी-थू झाली असती. मग युक्ती सुचली. कुणी सुचवली नाही — डेक्लनचं नाव पुढं करायचा मोह होतो, पण नाही. माझीच.

पत्र मी लिहिलं, आईच्या नावानं. इंग्रजी चांगलं आहे माझं. ‘मी सत्तरी ओलांडलेली विधवा आहे. दिवसभर घरी एकटी असते. भिंतीपलीकडच्या लोकांची मला भीती वाटते.’

बाबा गेल्यापासून आमच्या घरात एक रीत होती. पेन्शन, बँक, व्हिसा, कसलाही कागद असो, मी बोट ठेवायचं आणि आईनं तिथं सही करायची. वाचायचं नाही, विचारायचं नाही. त्या दिवशी मात्र तिनं विचारलं, ‘कशाचं रं?’

मी म्हणालो, ‘भिंतीचं.’

खोटं होतं का? बघा ना, शब्दशः खरंच होतं. तिनं चष्मा लावला, आणि शकुंतला हे आपलं नाव वळणदार अक्षरात पूर्ण लिहिलं. दुसऱ्या दिवशी काकूंकडं जाऊन सांगूनही आली — माझ्या लेकानं वाटेसाठी माझी सही घेतली.

कौन्सिलनं वाट रद्द केली. वृद्ध रहिवाशांच्या मनातली भीती, असं कारणांत लिहिलं होतं. गल्लीत मला डेक्लननं हात केला. आणि त्याच संध्याकाळी वर्षाचा मेसेज आला. वेबसाइटवरच्या पत्राचा फोटो, खाली एक ओळ — ‘दादा, हे शकुंतलाकाकूंनी लिहिलंय? आमच्याबद्दल?’

इथं मला थांबता आलं असतं. वर्षाला फक्त एक फोन करायचा होता. तेवढी एकच गोष्ट मला राहून राहून आठवते, पत्रापेक्षाही जास्त. मी लिहिलं, ‘आईचं वय झालंय गं. तिला भीती वाटते हल्ली. मनावर घेऊ नका.’

त्यांनी मनावर घेतलं. का घेऊ नये? निर्मलाकाकूंनी फोन उचलणं बंद केलं. आई एकदा काठी टेकत तो सगळा वळसा चालून गेली. वर्षानं दारातूनच सांगितलं, ‘आई झोपलीय.’ माझी आई म्हणाली, ‘मी बसते की.’ तर म्हणे, नको. आई परत आली ती भिजून. पाऊस होता. मी टॉवेल आणून दिला.

पुढं कितीतरी दिवस ती स्वतःचीच झडती घेत बसायची. ‘तिच्या बोलीला हसले त्याचं लागलं असंल का रं तिला?’ ‘तिच्या जावयाबद्दल मी काही बोलले न्हाई ना?’ मी म्हणायचो, ‘सोड ना आई, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.’ काय माणूस असेन मी? तिचा एकमेव आसरा मी तोडला, आणि वर तिचीच समजूत घालत होतो. हिवाळा संपायच्या आत ती म्हणाली, मला बार्शीला सोड. मी सोडलं. बरंही वाटलं मला. हे सगळ्यांत घाण आहे, पण वाटलं.

त्यानंतरच्या वर्षी मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिनं माझ्या बॅगेत शेंगाचटणीची पिशवी ठेवली. स्वतः कुटलेली. म्हणाली, ‘निर्मलाताईला दे. म्हणावं, चुकलं असंल तर पदरात घ्या.’

चटणी मी दिली नाही. तीन आठवडे ती आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, होती. मग आम्ही ती पावाबरोबर खाऊन संपवली. मीही खाल्ली.

आईचा फोन आला. ‘दिलीस का? काय म्हणाली?’

‘म्हणाली, राग नाही आता.’

त्यानंतर दोन महिन्यांनी ती गेली. तिचा आवाज मी नीट ऐकला असा तो शेवटचाच फोन. त्या फोनवर तिनं पुढं विचारलं, ‘मनापासून म्हणाली का रं?’

मी म्हणालो, ‘हो.’